अकरावी सायन्स: गणित ठेवायचं की सोडायचं? (यवतमाळ जिल्हा, खेडेगाव)

आर्णी_तालुका:
नमस्कार जी. पोरीचा दहावीचा निकाल लागला, ८१ टक्के. सेमी इंग्रजी. गणित ७४ (लेखी ५६, अंतर्गत १८), विज्ञान ८३, इंग्रजी ७०. सायन्सच घ्यायचं हे तिचं ठरलं आहे, घरच्यांची हरकत नाही. अडलं ते विषयांवर.

तालुक्याच्या कॉलेजात तीन पर्याय सांगतात. जनरल सायन्स म्हणजे पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र), गणिताच्या जागी भूगोल घेऊन पीसीबी, नाहीतर बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी एक मोठा व्यवसाय विषय. बायफोकलमध्ये कॉम्प्युटर सायन्स आणि क्रॉप सायन्स आहे. तिला नर्सिंग किंवा डॉक्टरी लाइनची आवड आहे, नाही जमलं तर कृषी पदवी. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस-तूर. ओबीसी, नॉन-क्रिमीलेअरमध्ये बसतो. गाव तालुक्यापासून १४ किलोमीटर, शेवटची एसटी साडेपाचची.

गावात सगळे म्हणतात, डॉक्टरी करायची तर गणित कायले पाहिजे, डोक्याला ताप. क्लासवाले म्हणतात, नावापुरता प्रवेश इथे घ्या आणि पोरीला दोन वर्षं अकोल्याला क्लासला पाठवा. गणित सोडावं का? बायफोकल घ्यावं का? मराठी ठेवावी की आयटी? कॉलेजात जाऊन नेमकं काय पाहावं? जाणकारांनी सांगावं.

तासिका_फिजिक्स:
दादा, आधी सहा विषयांचा हिशेब समजून घ्या, कारण खिडकीवर तो कोणी समजावत नाही. इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या जागी मराठी किंवा हिंदी, नाहीतर त्याऐवजी आयटी. उरल्या चार जागा. त्यात भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र बसवलं की पीसीएमबी झालं. म्हणजे गणित सोडलं तरी ओझं एका विषयाने कमी होत नाही, गणिताच्या जागी भूगोल येतो. भूगोल सोपा जाईल हे खरं, पण त्याचीही वही, प्रात्यक्षिक आणि बोर्डाचा पेपर असतोच.

आता कोणती वाट कशाने बंद होते ते पाहा. गणित नसेल तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, कृषी अभियांत्रिकी, डेअरी टेक्नॉलॉजी, एनडीए म्हणजे संरक्षण प्रबोधिनीतलं नौदल आणि हवाई दल हे सगळं जातं. जीवशास्त्र नसेल तर एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, दंतवैद्यक, नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बीएस्सी नर्सिंग जातं. दोन्हीकडून उघडी राहणारी वाटही आहे. बी. फार्म., डी. फार्म. आणि बीएस्सी कृषी यांना पीसीएम चालतं, पीसीबीही चालतं. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही आवडींपैकी एकीलाही गणित लागत नाही. तरीही मी इतक्यात सोडा म्हणणार नाही.

कारण असं. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांपैकी थोड्यांनाच सरकारी जागा मिळते. बारावीनंतर ती वाट चुकली की पीसीबीवाल्या मुलीसमोर नर्सिंग, फार्मसी, कृषी आणि साधी बीएस्सी उरते. पीसीएमबीवालीसमोर या सगळ्यांच्या जोडीला इंजिनिअरिंगही असतं, आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा ती दोन्ही गटांतून देऊ शकते. बारावीनंतर राहिलेला विषय बोर्डाकडून ‘तुरळक विषय’ म्हणून देता येतो, पण त्यात वर्ष जातं आणि तो विषय एकट्याने शिकावा लागतो. जीवशास्त्र एकट्याने वाचून होतं. गणित तसं होत नाही.

दुसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. गणित सोडलं म्हणून गणित सुटत नाही. अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश आहेत, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची ओळख आहे. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन हा भाग दोनमधला अगदी शेवटचा धडा. म्हणजे जून-जुलैत भौतिकचे सर फळ्यावर डीएक्स-डीटी लिहितात आणि गणिताचे सर तिथे फेब्रुवारीत पोचतात. पहिल्या चाचणीत पोरं गडगडतात ती इथेच. मग घरी सांगतात, फिजिक्स कळत नाही. कळत नसतं ते फिजिक्स नसतं.

रसायनातही तेच. आयनिक समतोल या बारावीच्या धड्यात पीएच काढायचा तर लॉग लागतो. हायड्रोजन आयनांची संहती ०.००२ मोल प्रति लिटर असेल तर पीएच म्हणजे ३ वजा लॉग २, म्हणजे ३ वजा ०.३०१०, उत्तर २.६९९. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ज्यांनी अकरावीत लॉग टेबल हाताळलं नाही ते बारावीच्या पेपरात सूत्र बरोबर लिहून उत्तराचा गुण घालवतात.

एक माहिती विचारतो. ७४ मधले अंतर्गत १८ बाजूला ठेवा, ते जवळपास सगळ्यांना मिळतात. शाळेच्या पूर्वपरीक्षेत बीजगणित किती आणि भूमिती किती होते, ते वेगळं सांगा. त्यावर बरंच ठरतं.

काळी_माती:
बायफोकलबद्दल माझ्याकडून. बायफोकल २०० गुणांचं असतं. ते दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, अशा दोन जागा खातं. कॉम्प्युटर सायन्समध्ये दोन पेपर, प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. म्हणून टक्केवारी फुगते आणि कॉलेज तेच दाखवून विकतं. पण नीटची पात्रता भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्हींच्या बेरजेवर पाहतात (खुल्या गटाला ५० टक्के, ओबीसीला ४०). इंजिनिअरिंगलाही संबंधित तीन विषयच मोजतात (४५, मागासवर्गाला ४०). बायफोकलचे चढे गुण तिथे उपयोगी पडत नाहीत.

कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर सहसा गणित ठेवून जीवशास्त्र सोडावं लागतं. तुमच्या मुलीला ते नकोच. क्रॉप सायन्स जीवशास्त्रासोबत बसतं, पण मग मराठी आणि गणित दोन्ही गेलं. शेती करायची, कृषी सेवा केंद्र टाकायचं, बियाणं-खतांचं समजून घ्यायचं असं ठाम असेल तर विषय उत्तम आहे, त्यात शंका नाही. मात्र बीएस्सी कृषीच्या प्रवेशासाठी क्रॉप सायन्स लागत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की दुसरं कुठलं, प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो. त्यात सातबाराधारकांच्या मुलांना अधिभार, म्हणजे जादा गुण मिळतात. म्हणून सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आत्ताच पाहून घ्या. आजोबांच्या नावावरच राहिला असेल तर फेरफाराला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या आठवड्यात तलाठी सापडत नाही.

कृषीची पदवी म्हणजे सोपी पदवी असं समजू नका. सगळं इंग्रजीत असतं, सांख्यिकी असते, मृदा-रसायनशास्त्र असतं.

आर्णी_तालुका:
तासिका सर, पूर्वपरीक्षेचे पेपर काढून पाहिले. बीजगणित ४० पैकी ३३, भूमिती ४० पैकी २२. भूमितीत प्रमेयांची सिद्धता आणि वर्तुळ यात गेले. त्रिकोणमितीचा प्रश्न बरोबर आहे.

तासिका_फिजिक्स:
मग गणित ठेवा.

सांगतो का. दहावीच्या भूमितीतले समरूपता, वर्तुळाचे गुणधर्म, रचना हे धडे अकरावी-बारावीत फारसे येत नाहीत. सिद्धता लिहिण्याची ती पद्धत तिथेच थांबते. पुढे लागतात ते निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती. अकरावीत कोन आणि त्याचं मापन, त्रिकोणमितीचे दोन धडे, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद अशी रांग आहे, आणि ते वर्तुळही समीकरणाचं असतं, प्रमेयाचं नसतं. उरलेलं बरंचसं बीजगणिताच्या वळणाचं: निश्चयक, संमिश्र संख्या, क्रमिका, क्रमपर्याय, फलन, सीमा. ३३ वाली मुलगी यात टिकते. उलट असतं, म्हणजे भूमिती ३३ आणि बीजगणित २२, तर मी सोडा म्हणालो असतो. बीजगणितातही एक बघा: अर्थनियोजन म्हणजे जीएसटी-शेअर्सच्या धड्यातले गुण वजा करून वर्गसमीकरणं आणि दोन चलांची रेषीय समीकरणं यात किती मिळाले. तिथे कच्ची नसेल तर पाया ठीक आहे.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी पंधरा-वीस दिवस मिळतील. त्यात हे करून घ्या, रोज दीड तास पुरे. पहिले चार दिवस अपूर्णांक आणि घातांक, ऋण घातांकासकट. पुढचे चार दिवस सूत्रात कर्ता बदलणं: व्ही बरोबर यू अधिक एटी दिलं तर टी काढणं, अशी चाळीस-पन्नास उदाहरणं. इथे चुकणारी मुलं प्रत्येक विषयात चुकतात. मग ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांचा साइन-कॉस-टॅनचा तक्ता पाठ, आणि काटकोन त्रिकोण आडवातिडवा काढून दिला तरी बाजू ओळखता येणं. नंतर सरळ रेषेचा आलेख, चढ म्हणजे काय ते. शेवटचे पाच दिवस लॉग टेबल: लॉग, अँटिलॉग, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ. लॉग टेबलचं पातळ पुस्तक कुठल्याही स्टेशनरीत मिळतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, फोनवर उतरवून घ्या.

भाषेचंही लक्षात ठेवा. अकरावीपासून शिकवणं आणि पुस्तकं इंग्रजीत. सेमीमुळे तिला गणित-विज्ञानाचे शब्द माहीत असतील, लांब वाक्यं अडतील. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतही देता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. नीट मराठीतून आहे. तरी दोन वर्षं इंग्रजीत वाचून परीक्षा मराठीत दिली तर मुलं ‘संवेग’ आणि ‘संवेग अक्षय्यता’ यातच अडखळतात. माध्यम अर्ज भरताना ठरवावं लागतं, तेव्हा एक जुना पेपर दोन्ही भाषांत सोडवून पाहा आणि मग ठरवा.

बायो_झूलॉजी:
तासिका सरांशी अर्धवट सहमत. इंजिनिअरिंगची वाट उघडी राहावी म्हणून गणित ठेवणं ठीक. पण नीट मनापासून द्यायची असेल तर बारावीत गणिताचे पंधरा धडे रोज सव्वा-दीड तास मागतात, आणि त्या मुलीचे एसटीत आणि स्टँडवर दोन तास आधीच जातात. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. तो वेळ कुठून काढणार, हे आधी कागदावर मांडा. सकाळी साडेपाच ते रात्री दहा, गाडीच्या वेळा धरून. मांडून बसत असेल तर पीसीएमबी, बसत नसेल तर पीसीबी आणि भूगोल. भूगोल घेण्यात कमीपणा नाही.

नीटबद्दल एक गोष्ट राज्य मंडळाच्या मुलांना फार उशिरा कळते. नीट एनसीईआरटीच्या (सीबीएसई शाळांतल्या) पुस्तकांजवळची परीक्षा आहे आणि आपल्या पुस्तकांची वाटणी वेगळी आहे. घूर्णन गती, द्रायू, औष्णिक गतिकी, दोलने हे भौतिकातले धडे एनसीईआरटीत अकरावीला, आपल्याकडे बारावीला. जीवशास्त्रात श्वसन आणि अभिसरण, नियंत्रण आणि समन्वय यांचंही तेच. उलट प्रकाश, स्थिर विद्युत, विद्युत धारा, अर्धवाहक यांची सुरुवात आपल्या अकरावीतच होते, एनसीईआरटीत ती बारावीची. म्हणून क्लासच्या अकरावीच्या नोट्स आणि कॉलेजचा अकरावीचा अभ्यास जुळत नाहीत, पोरगी दोन होड्यांत पाय ठेवून बसते. उपाय इतकाच: धड्यांच्या नावांची यादी समोरासमोर लिहून घ्यायची. कॉलेजात जो धडा चालू आहे त्याचाच एनसीईआरटीचा धडा त्या आठवड्यात वाचायचा, मग तो कुठल्याही इयत्तेचा असो.

सीईटीत हे संकट नाही. ती आपल्याच पुस्तकांवर, साधारण २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये एक कापतात. पीसीबी गटात जीवशास्त्राचे १०० प्रश्न १०० गुणांना, भौतिक आणि रसायन ५०-५०. पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुण, म्हणजे निम्मी परीक्षा गणितच. कच्चं गणित घेऊन पीसीएमची सीईटी देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. तिचा अर्ज नीटच्या गडबडीत राहून जातो, दरवर्षी. जानेवारीपासून सीईटी सेलचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा बघत जा.

अकोल्याचं म्हणाल तर खर्चाआधी नियम बघा. ७५ टक्के हजेरी लागते, आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. नावापुरता प्रवेश घेतलेली मुलगी फेब्रुवारीत पहिल्यांदा ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) धरते. ते गुण मिळूनही जातील, हात तयार होत नाही. नर्सिंग-फार्मसीला गेल्यावर तोच हात लागतो. जायचंच असेल तर अकोल्याच्याच कॉलेजात रीतसर प्रवेश घ्या आणि तिथेच हजर राहू द्या.

ब्युरेट_पिपेट:
कॉलेजात काय पाहायचं, ते मी सांगतो. प्रयोगशाळा पाहायला परवानगी मागा. कुलूप उघडायला किल्ली शोधावी लागली तर पुढचं बोलायची गरज नाही.

रसायनाच्या खोलीत ओट्यावर नळाला पाणी येतं का बघा. खेड्यातल्या कॉलेजात बेसिन असतं, टाकीत पाणी नसतं. डिस्टिल्ड वॉटर कुठून आणता, विचारा. बोरचं जड पाणी वापरलं तर क्षार ओळखण्याच्या प्रयोगात क्लोराइड नसतानाही सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका येतो, आणि मुलं सगळे क्षार क्लोराइडच लिहितात. सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून काही ठिकाणी ते मागवतच नाहीत. बाटली तपकिरी काचेची आणि तिच्यात काही आहे का, बघून घ्या. ब्युरेट मोजा. वीस मुलांच्या बॅचला किमान दहा चालू ब्युरेट पाहिजेत, चार-पाच असतील तर एक जण टायट्रेशन करतो आणि बाकीचे रीडिंग उतरवतात. नळीची चावी गळते का तेही बघा. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन बोर्डाच्या परीक्षेत येतं, गळक्या ब्युरेटवर सलग तीन सारखी रीडिंग कधीच येत नाहीत. मग वहीत खोटी लिहायची सवय लागते. गरम करायला गॅस बर्नर की स्पिरिटचा दिवा, हेही विचारा. दिव्यावर ज्वाला परीक्षा नीट होत नाही.

भौतिकात मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर, सोनोमीटर, रेझोनन्स ट्यूब, स्क्रू गेज ही उपकरणं बघा. तार ताणलेली आहे की गंजून लोंबते, सेल किंवा बॅटरी एलिमिनेटर चालतो का, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो का. जीवशास्त्रात सूक्ष्मदर्शक किती आणि त्यातून दिसतं का, स्वतः डोळा लावा. बुरशी चढलेल्या भिंगातून काही दिसत नाही.

मग वेळापत्रक मागा. गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र या चारही विषयांना स्वतंत्र शिक्षक आहेत का, की भौतिकचे सरच गणित घेतात? तासिका तत्त्वावरचे असतील तर कधी रुजू होतात? ऑगस्ट उजाडत असेल तर दोन महिने गेले. याचा अर्थ ते शिक्षक कमी दर्जाचे असतात असा नाही, नेमणूकच उशिरा होते.

आणि तुमच्या गाडीचं. प्रात्यक्षिकाची बॅच सहसा दुपारी शेवटी ठेवतात. साडेपाचची गाडी असेल तर मुलगी प्रयोग अर्धा टाकून स्टँडकडे पळेल. प्रवेश घेतानाच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या: बाहेरगावच्या मुलींची बॅच सकाळची ठेवा. बॅचची यादी एकदा लागली की बदलत नाहीत. मानव विकास मिशनची निळी बस तुमच्या मार्गावर असेल तर बारावीपर्यंत मुलींना मोफत आहे. नसेल तर अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास काढा, कॉलेजचा दाखला लागतो.

आर्णी_तालुका:
फार उपयोग झाला सगळ्यांचा. प्रयोगशाळा सोमवारी पाहून येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आहे म्हणतात, त्याचं आणि दाखल्यांचं कोणी सांगेल का?

सेतू_खिडकी:
काका, २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, खेड्यातली कॉलेजंही त्यात आली. अर्जाचा भाग एक म्हणजे माहिती, भाग दोन म्हणजे पसंतीक्रम. दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात. पहिल्या पसंतीचं मिळालं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे खरंच जायचं आहे. नागपूरचं मोठं नाव हौसेने टाकायचं आणि लागलं की राहायला जागा नाही म्हणून सोडायचं, असं करू नका. दुसरं, यादीत एकाच कॉलेजचे अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित असे वेगळे कोड असतात. फीमध्ये फार फरक पडतो. कोड वाचून टाका. ओटीपी येणारा मोबाइल नंबर घरातलाच द्या, कॅफेवाल्याचा नको.

दाखल्यांचं जास्त महत्त्वाचं. अकरावीला जातीचा दाखला पुरतो. बारावीनंतर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, कृषी कुठेही राखीव जागेवर जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी) लागतं. ते वेळेत नसेल तर मिळालेली जागा खुल्या गटात ढकलली जाते. अर्ज बारावीत कॉलेजमार्फत करायचा, पण पुरावे आत्तापासून गोळा करा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची जातीची नोंद लागते. (एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१.) आपल्या भागात ही नोंद तीन ठिकाणी सापडते. आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत शिकले तिथला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, आणि जमिनीचा जुना अधिकार अभिलेख. कोतवाल बुकात नाव अर्धंच असतं, आडनाव नसतं, किंवा गावाचं जुनं नाव असतं. मग वंशावळ जोडून प्रतिज्ञापत्र करावं लागतं. आजोबांचं नाव एका कागदावर ‘नामदेव’ आणि दुसऱ्यावर ‘नामा’ असेल तर जात पडताळणी समिती त्रुटी काढते, तीही प्रतिज्ञापत्राने सुधारा. काकांच्या घरी कोणाची किंवा आत्याची स्वतःची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती प्रत सगळ्यात आधी मागून आणा. वडिलांकडच्या रक्तनात्यातली वैधता सर्वांत मजबूत पुरावा.

नॉन-क्रिमीलेअर मुदतीचं असतं, ते आत्ता काढलं तर बारावीनंतर संपलेलं असू शकतं. काढताना तारीख बघा आणि बारावीनंतरच्या प्रवेशाआधी संपत असेल तर पुन्हा काढा.

दोन योजना तुमच्या मुलीला लागू होतात. महाज्योती ही सरकारी संस्था ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) आणि एसबीसीच्या (विशेष मागास) मुलांना नीट, जेईई आणि सीईटीचं ऑनलाइन शिक्षण फुकट देतं, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटा. अर्ज दहावीच्या निकालानंतरच निघतो, अकरावी सायन्सच्या प्रवेशाचा पुरावा जोडावा लागतो. अकोल्याच्या खर्चाआधी हा अर्ज भरा. दुसरं, २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही सवलत नाही. पुढे कोणी एजंट ‘कोट्यातून करून देतो’ म्हणाला तर हे आठवा.

आर्णी_तालुका:
आत्याच्या पोराची व्हॅलिडिटी आहे, चालेल का? आणि मराठी की आयटी, ते राहिलं.

सेतू_खिडकी:
आत्याच्या मुलाची नाही चालत, त्याची जात त्याच्या वडिलांकडून धरतात. आत्याची स्वतःची, माहेरच्या नावाने झालेली असेल तर चालते. काकांकडे विचारा.

तासिका_फिजिक्स:
आयटीचा ८० गुणांचा पेपर संगणकावरच असतो, २० प्रात्यक्षिक. गुण चांगले पडतात आणि लिहायचं कमी, म्हणून मुलं घेतात. पण त्यात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट असं हाताने करून पाहायचं असतं. सोमवारी प्रयोगशाळा पाहायला जाताच आहात, तर संगणक कक्षात किती यंत्रं चालू आहेत ते मोजा आणि लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर आहे का विचारा. वीस मुलांत आठ-दहा चालू असतील तर आयटी घ्या. दोन-तीनच असतील तर मराठी ठेवा. तिच्या ७० गुणांच्या इंग्रजीला तसाही रोज अर्धा तास लागणार आहे, मराठीला वेगळा वेळ द्यावा लागणार नाही.

गणित ठेवून अर्ज भरा आणि कॉलेजला एकच विचारा: अकरावीत गणित बदलून भूगोल घ्यायची शेवटची तारीख कोणती. ती लिहून घ्या. त्या तारखेच्या आठवडाभर आधी तिला त्रिकोणमितीचा पहिला धडा आणि भौतिकचा दुसरा धडा, दोन्हींचा स्वाध्याय पुस्तक बंद ठेवून सोडवायला द्या. निम्म्याहून जास्त सुटला तर गणित चालू ठेवा. उलटं करता येत नाही, आधी भूगोल घेऊन नंतर गणितात येणाऱ्याचे तोवर दोन-तीन धडे सुटलेले असतात.

ब्युरेट_पिपेट:
सोमवारी जाताना मुलीला सोबत न्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा तिने लावू दे.